ढवळायला जागा

गिऱ्हाइकाने कुठलीही वस्तू पुढे ठेवावी, छटाताईने ती एकदा उजेडात धरावी आणि सांगावं, "पांढरा सोळा, पिवळा तीन, काळ्याचा एक थेंब. थेंब म्हणजे थेंब हं, शिंतोडा नाही." रंगाच्या दुकानात ती सतरा वर्षं हेच करत होती. लोक कोटाचं बटण आणत, पडद्याची चिंधी आणत. एका गृहस्थाने स्वतःचा पडलेला दात आणला होता. त्याला जिन्याच्या भिंती त्या रंगात हव्या होत्या. छटाताईने कारण विचारलं नाही. दात उजेडात धरला आणि म्हणाली, "पांढरा तीस, पिवळा एक. सिगारेट कमी करा." जिना रंगवून झाल्यावर त्या गृहस्थाने दात भिंतीला लावून पाहिला, आणि मग तो भिंतीवर नेमका कुठे आहे हे शोधायला त्याला अर्धा तास लागला.

अशा बाईला गुणोत्तराची गणितं येत नाहीत, हे कुणालाही खरं वाटत नसे. फक्त परीक्षा मंडळाला वाटत असे. मंडळाकडे लेखी पुरावा होता.

त्याचं असं होतं, की सरकारी छापखान्यात शाई मिश्रकाची जागा निघाली होती. काम छटाताईचंच: डबे, रंग, प्रमाण. निवड मात्र रंग कालवायला लावून होत नव्हती. सगळ्या सरकारी जागांना असते तशी ठरावीक परीक्षा द्यायची, आणि ह्या जागेसाठी तिच्यात 'मिश्रणे व गुणोत्तरे' असा दहा प्रश्नांचा वेगळा विभाग. दहापैकी सहा बरोबर आले तरच बाकीची उत्तरपत्रिका उघडून बघायची, नाहीतर तशीच बांधून ठेवायची. पहिल्या वर्षी छटाताईचा एक आला. दुसऱ्या वर्षी दोन. ह्या वेगाने सहापर्यंत पोचायला आणखी चार वर्षं पुरली असती. पण वयाची अट पस्तीसची होती, आणि तिसऱ्या परीक्षेनंतर अकराव्या दिवशी छटाताईला पस्तीस पूर्ण होत होती.

तेवढ्यात दुकानात मशीन आलं.

ते अजून खोक्यातच होतं, पण खोक्याची एक फळी उघडून मालकाने त्याला हवा लागेल अशी सोय केली होती. "वाईट वाटून घेऊ नकोस, छटाताई," तो म्हणाला. "ह्याला नुसता कपड्याचा तुकडा दाखवायचा. तेच प्रमाण सांगतं, तेच ओततं."

"दात दाखवला तर?"

मालक माणूस प्रामाणिक होता. त्याने माहितीपुस्तक काढून दोन्ही बाजूंनी चाळलं. "दाताचं काही लिहिलेलं नाही. पण दात काय रोज येतात का?"

"मग आम्ही दोघं राहू की. कपडे ते बघेल, दात मी बघेन."

"दोघांना जागा नाही गं. आणि त्याला हलवायचं म्हटलं तर चार माणसं लागतात. तू आपली चालत जाऊ शकतेस."

ह्या मुद्द्यात नेमकी चूक कुठे आहे ते छटाताईला सापडेना. मशीन एक तारखेला सुरू होणार होतं. परीक्षा त्याच्या आधीच्या रविवारी, म्हणजे जेमतेम आठवड्यावर होती. घर दोन पगारांवर उभं होतं. त्यातला एक पाय काढला तर ते कुठल्या अंगाला पडेल, एवढंच ठरायचं राहिलं होतं.

"मी शिकवते," सासूबाई म्हणाल्या.

त्या म्हणाल्या म्हणजे ठरलं. सासूबाईंनी शाळेत एकतीस वर्षं गणित शिकवलं होतं. अजूनही त्या रस्त्याने निघाल्या की पन्नाशीचे पुरुष हातातली सिगारेट खिशात टाकत, पेटलेली असली तरी. त्यांच्या हाताखालून एक न्यायाधीश गेला होता, दोन डॉक्टर गेले होते आणि एक खोट्या सह्या करणारा गेला होता. पण गुणोत्तरात नापास झालेलं एकही पोर गेलं नव्हतं. खोट्या सह्यावाल्याला तर पैकीच्या पैकी होते. आता घरातच, आपल्याच स्वयंपाकघरात, आपल्याच सुनेने दोनदा नापास व्हावं, ह्याची त्यांना इतकी लाज वाटत होती की दोन वर्षं त्यांनी शेजारणींना सून परीक्षेला बसते हेच कळू दिलं नव्हतं. सून कुठे गेलीय असं कुणी विचारलं, की त्या 'दवाखान्यात' म्हणत. शेजारणी छटाताईची तब्येत फार जपत.

शिकवणी सकाळी दुकानात जायच्या आधी दोन तास आणि संध्याकाळी दुकानातून आल्यावर दोन तास, स्वयंपाकघरातल्या टेबलावर. पहिल्या सकाळी सासूबाईंनी चष्मा लावला, लाल पेन काढलं, आणि नवी कोरी वही उघडली.

"घे. चाळीस लिटरच्या पिंपात निळी आणि पांढरी शाई तीनास पाच ह्या प्रमाणात भरली आहे. निळी किती?"

छटाताईने डोळे मिटले. ओठ जरासे हलले. "साडेतेरा."

"चूक. पंधरा."

"साडेतेराच येतात हो, आई."

"तुला येतात. जगाला पंधरा येतात. पायऱ्या लिही म्हटलं ना मी?"

"लिहायची सवयच नाही. हात रंगात असतात. दुकानात कागदाला हात लावला की तो कागद गिऱ्हाईक नमुना म्हणून मागून घेतं. मग सगळं डोक्यातच करावं लागतं."

"इथे कुठे आहेत हात रंगात?"

छटाताईने हात पुढे केले. नखांच्या कडांना हिरवा होता. दोघींनी तो बघितला.

"पुढचं घे," सासूबाई म्हणाल्या.

सासूबाईंचा एक नेम होता. चुकलेल्या उत्तराकडे त्या बघत नसत. "चुकीच्या उत्तराकडे बघत बसलं की ते डोळ्यांत बसतं," असं त्या म्हणायच्या. उत्तर लिहून घ्यायचं, लाल फुली मारायची, पान उलटायचं. एकतीस वर्षांत त्यांनी एकाही चुकीच्या उत्तराशी ओळख वाढवली नव्हती. आता ती सवय घेऊन त्या साठ लिटरच्या टाकीकडे वळल्या, मग पन्नासच्या डब्याकडे, मग एका दूधवाल्याकडे, जो तिसऱ्या हिश्शाचं पाणी घालत होता आणि ते लपवायचा प्रयत्नही करत नव्हता. फुली, फुली, फुली.

चमत्कार असा, की बापलेकांच्या वयाची गणितं छटाताई चुटकीसरशी सोडवी. बाप लेकाच्या चौपट असो, दहा वर्षांनी दुप्पट होवो, ती त्या दोघांना लगेच धरून आणी. तीन भावांत जमीन वाटायची असली तर भांडण न होता वाटून देई. पण परीक्षेच्या त्या विभागात बापलेक नव्हते आणि भाऊही नव्हते. शाई मिश्रकाची जागा म्हणून मंडळाने मुद्दाम काळजी घेतली होती. तिथे सगळी पिंपं होती, टाक्या होत्या, डबे होते.

बुधवारपर्यंत वहीत एकशे चाळीस फुल्या झाल्या.

छटाताईने न्हाणीघराच्या आरशावर साबणाने ३ : ५ लिहून ठेवलं. उशीच्या अभ्र्याखाली पाढे ठेवले. बुधवारी जेवणाच्या सुट्टीत ती मंडळाच्या कचेरीत जाऊन आली. खिडकीतल्या कारकुनाला म्हणाली, "मला लिहिता येत नाही, पण करून दाखवता येतं. तुम्ही म्हणाल तो रंग इथे, तुमच्या टेबलावर कालवून दाखवते. ह्या टेबलाचाच दाखवू?"

"अर्ज करा."

"त्याचं उत्तर कधी येईल?"

"सहा महिन्यांनी."

"तोपर्यंत माझं वय उलटेल."

कारकुनाने सहानुभूतीने मान हलवली. "मग वयाच्या सवलतीचा वेगळा अर्ज करा," तो म्हणाला. "तोही सहा महिन्यांनी."

आणि गुरुवारी दुकानात एक डबा परत आला.

सतरा वर्षांत छटाताईचा डबा परत आला नव्हता. एका बाईने दाराला लावायला राखाडी नेला होता; अर्धं दार झाल्यावर तिच्या लक्षात आलं की राखाडीत जांभळा उतरलाय. तिने ते अर्धं दार बिजागऱ्यांतून काढून, रिक्षात घालून दुकानात आणलं. छटाताईने दार उजेडात धरलं. जांभळा होता. कालवताना ती मनात 'समजा निळा क्ष' म्हणत होती, आणि क्षच्या नादात तिचा हात सरकला होता. आजवर तिने कधी क्ष घातलाच नव्हता.

मालकाने खोक्याची आणखी एक फळी काढली.

त्या दिवशी घरी येताना छटाताईच्या मनात आलं, की गणित यायचं ते आलंच नाही, आणि जे येत होतं तेही चाललं. दोन्ही हात रिकामे. तिने वाटेत एका भिंतीचा रंग ओळखून पाहिला. तिला तो ओळखता येईना. ती भिंत तिनेच चार वर्षांपूर्वी कालवलेल्या रंगाची होती.

शुक्रवारी जेवताना ताटावर डोकं ठेवून ती रडली. सासूबाईंनी आमटीची वाटी तेवढी केसांपासून बाजूला सरकवली. नवरा लिफ्टचा मिस्तरी. दिवसभर दोन मजल्यांच्या मधे अडकलेली माणसं बाहेर काढायची, त्यांना धीर द्यायचा, हे त्याचं काम. त्यामुळे घरी आल्यावर त्याच्याकडे धीर उरत नसे.

"अगं, रडू नकोस," तो म्हणाला, कारण काहीतरी म्हणायला हवं होतं. "कागदावरचं आणि खरं कधी जुळत नसतंच. लिफ्टमध्ये पाटी असते, आठ माणसं. तार बारा माणसांची असते. आम्ही सांगत नाही. सांगितलं की पंधरा चढतात."

"ह्याचा हिच्या गणिताशी काय संबंध?" सासूबाईंनी विचारलं.

"काही नाही," तो म्हणाला आणि ताक पिऊ लागला.

शनिवार उजाडला. परीक्षेला एक दिवस. छटाताईने दुकानातून सुट्टी घेतली होती. दुपारपर्यंत आणखी पन्नास गणितं झाली आणि वही दोनशे चौदा फुल्यांवर येऊन थांबली. पिंपा-टाक्यांचं बरोबर उत्तर एकही नव्हतं. सासूबाईंचं लाल पेन संपत आलं होतं. शेवटच्या फुल्या फिक्या गुलाबी होत्या.

"चहा ठेव," त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज बसला होता.

छटाताईने चहा केला, कप पुढे ठेवला. सासूबाईंनी कपात पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"अकरा वर्षं," त्या म्हणाल्या.

"काय, आई?"

"अकरा वर्षं मी बोलले नाही. आज बोलायला नको, उद्या तुझी परीक्षा आहे. पण आता माझ्याच्याने राहवत नाही. तू मला भरून कप चहा कधीही दिला नाहीस."

"अहो, भरलेलाच आहे की!"

"हा भरलेला?" सासूबाईंनी आत बोट दाखवलं. "हे बघ, वर रिकामा. लग्न होऊन आलीस त्या दिवसापासून हे असंच. मी म्हटलं, नवी आहे, हात आखडता आहे, पुढे सुटेल. नाही सुटला. बहिणीला मी पत्रात लिहिलंय हे."

"मावशींना? पत्रात?"

"ती मुद्दाम बघायला आली होती. तिलाही कमीच दिलास."

छटाताईच्या आठवड्याभराच्या रडण्याचं एकदम रागात रूपांतर झालं. "अहो, पण साखर ढवळायला जागा नको का? काठापर्यंत भरलं तर चमचा घालताक्षणी सांडणार! दहावा हिस्सा वर सोडायचाच असतो. वीसचा डबा म्हणजे अठरा. हे काय सांगायला लागतं का कुणाला?"

सासूबाईंनी कप खाली ठेवला.

"काय म्हणालीस?"

"मावशींना कळवायच्या आधी मला एकदा विचारायचं तरी, असं म्हणाले."

"ते नव्हे. वीसचा डबा म्हणजे किती?"

"अठरा," छटाताई म्हणाली, आठवड्याचे दिवस किती असं कुणी विचारल्यासारखी.

"आणि चाळीसचं पिंप?"

"छत्तीस. त्याच्या वर भरलं तर कालवणार कसं?"

सासूबाईंनी वही ओढली आणि पहिल्या पानापासून, आयुष्यात पहिल्यांदा, चुकलेली उत्तरं वाचायला सुरुवात केली. पंधराच्या जागी साडेतेरा. वीसच्या जागी अठरा. तीसच्या जागी सत्तावीस. दहाच्या जागी नऊ. त्यांचं बोट पानांवरून खाली उतरत गेलं, दुसऱ्या पानावर, दहाव्या पानावर, आणि त्यांचा चेहरा उतरत गेला. प्रत्येक उत्तर नेमकं नऊ दशांश. एकही इकडचं तिकडे नाही.

"दोनशे चौदा वेळा तुझं बरोबर होतं गं," त्या अगदी हळू म्हणाल्या. "पिंपच तेवढं भरलेलं नव्हतं. आणि मी बघितलंच नाही."

मग सासूबाई ताडकन उठल्या, कारण उद्या सकाळी दहाची परीक्षा होती आणि अजून उजेड होता.

"सोपं आहे. आता चाळीसचं पिंप चाळीसच धर. काठोकाठ. निळी किती?"

छटाताईने डोळे मिटले. डोक्यातलं पिंप भरायला घेतलं. छत्तीसपर्यंत आलं आणि हात थांबला. तिने ढकलून बघितला. सतरा वर्षांचा हात होता, ऐकेना. "साडेतेरा," ती म्हणाली आणि तोंडावर हात ठेवला.

"चल," सासूबाई म्हणाल्या आणि तिला न्हाणीघरात घेऊन गेल्या. बादली काठोकाठ भरली. "बघ. भरते की नाही? आकाश कोसळलं का?"

"नाही. पण ढवळून बघा."

सासूबाईंनी कपडे धुवायचं दांडकं घालून बादली ढवळली. पाणी चारी बाजूंनी त्यांच्या पायांवर आलं.

"बघा," छटाताई म्हणाली.

"अगं, कागदावर ढवळायचं नसतं!"

"मग ते मिसळणार कसं?"

"आपोआप मिसळतं! मंडळ मिसळतं!"

"न ढवळता? आई, खाली सगळा निळा बसेल."

सासूबाईंनी सहा वेळा बादली भरली, सहा वेळा 'आता निळी किती' विचारलं आणि सहा वेळा साडेतेरा ऐकलं. मग त्या गुडघ्यापर्यंत भिजून, बादली पालथी घालून तिच्यावर बसल्या. छटाताई उंबऱ्यावर बसली. चूक सापडली होती, आणि तिचं काहीच करता येत नव्हतं. चूक सापडली नव्हती तेव्हा निदान ती सापडेल अशी आशा होती.

नवरा कामावरून आला तेव्हा न्हाणीघरातून पाणी दारापर्यंत आलं होतं. आई बादलीवर, बायको उंबऱ्यावर. त्याने हत्यारांची पिशवी कोरड्या जागी ठेवली आणि काय झालं ते ऐकून घेतलं.

"आमच्याकडे एक लिफ्ट आहे," तो म्हणाला. "नऊ वर्षं झाली, तिसऱ्या मजल्यावर वीतभर खालीच थांबते. तार बदलली, मोटर बदलली, तिसरा मजलाही तपासला. मग आम्ही तिथे एक पायरी बांधली."

"म्हणजे?"

"म्हणजे हिला साडेतेराला थांबू दे. वर पायरी बांध."

सासूबाईंच्या चेहऱ्यावरून एकतीस वर्षं सरकून गेली. "नऊने भागून दहाने गुणायचं," त्या म्हणाल्या. "हे गणित नाही. ही मलमपट्टी आहे. वर्गात कुणी असं केलं असतं तर मी त्याला बाकावर उभं केलं असतं." त्यांनी बोटाने डोळे पुसले, किंवा पाणी पुसलं. "साडेतेरा भागिले नऊ?"

"दीड."

"गुणिले दहा?"

"पंधरा," छटाताई म्हणाली.

परीक्षेच्या हॉलमध्ये दोनशे बाकं होती आणि एकच घड्याळ, तेही छटाताईच्या पाठीमागे. कच्च्या कामासाठी प्रत्येकाला एक कोरा कागद मिळाला होता. बाकीचे विभाग आधी झाले होते; मिश्रणांच्या विभागाला शेवटची पंचवीस मिनिटं. पहिल्या प्रश्नात पन्नास लिटरची टाकी होती. छटाताईने डोळे मिटले, सत्तावीस आले. तिने पायरी बांधली, तीस झाले. पर्याय पाहिले. तीस होते.

तिने पुन्हा पाहिलं. आधीच्या दोन्ही वर्षी तिचं उत्तर पर्यायांत कधी नसेच. ती त्यातल्या त्यात बऱ्या दिसणाऱ्या आकड्यावर खूण करायची. आज तिचं उत्तर तिथे छापलेलं होतं, जणू कुणी तिची वाट बघत होतं. तिने खूण केली तेव्हा पेन्सिलीचं टोक मोडलं.

दुसरा आला. चौथा आला. पण पायरी चढायला वेळ लागत होता. प्रत्येक गणित दोनदा करावं लागत होतं, एकदा आपल्यासाठी आणि एकदा मंडळासाठी. तिसऱ्यात पिंप किती लिटरचं ते सांगितलंच नव्हतं, तो तिने सोडला. सहावा, सातवा जमले. पाचव्यात काढलेलं दूध कुठे ठेवलं ते कळेना. आठव्यात नऊने भाग जाईना. पर्यवेक्षक म्हणाले, "शेवटची पाच मिनिटं," आणि छटाताईने मोजलं: खात्रीचे पाच. सहावा हवा होता. तिने पान उलटून दहावा वाचला.

'वीस लिटरच्या डब्यात, ढवळण्यासाठी वरचा दहावा भाग मोकळा सोडून, निळी व पांढरी शाई चारास पाच या प्रमाणात भरली. निळी शाई किती लिटर?'

छटाताईने तो दोनदा वाचला. ह्या मंडळात कुठेतरी, कुठल्यातरी खोलीत, एक माणूस बसला होता ज्याच्या हाताला कधीतरी रंग लागला होता. त्याने कधीतरी काठोकाठ भरून सांडलं होतं. त्या माणसाला उठून शोधून काढावं आणि चहा पाजावा, असं तिला वाटलं. दहावा हिस्सा सोडून.

तिने डोळे मिटले. आठ. सवयीने नऊने भागलं, दहाने गुणलं. आठ पूर्णांक आठ नवमांश. पर्याय पाहिले. आठ पूर्णांक आठ नवमांश होता. आठही होता.

तिच्या डोक्याने जागा सोडली होती ती प्रश्नाने सांगितली म्हणून, की आपली नेहमीची? प्रश्नाने सांगितली म्हणून असेल तर पायरी नको. पण डोकं ऐकतं कुठे कुणाचं? तिने पुन्हा डोळे मिटले. ह्या वेळी सात पूर्णांक दोन आले. म्हणजे डोक्याने दोनदा सोडली, एकदा मंडळाची, एकदा दुकानाची. त्याला पायरी बांधली की आठ. पर्यायांत सात पूर्णांक दोनही होता. तिसऱ्यांदा डोळे मिटले, आठ. डोक्यात दोन छटाताया बसल्या होत्या, दोघींनी तोंडं फिरवली होती, आणि दोघी खरं बोलत होत्या.

"तीन मिनिटं."

खोक्यातलं मशीन तिला दिसलं. अर्धं दार दिसलं. आणि बादलीवर बसलेल्या सासूबाई दिसल्या, भिजलेल्या, संपत आलेलं लाल पेन हातात धरून म्हणत असलेल्या: पायऱ्या लिही म्हटलं ना मी.

छटाताईने हात पाहिले. काल सुट्टी होती. बादलीच्या पाण्यात नखांचा रंग निघाला होता. हात स्वच्छ होते.

तिने कच्चा कागद ओढला आणि लिहिलं: २०.

लिहिलं आणि थांबली. कागदावर वीस हे वीसच होतं. ते सांडलं नाही. त्याला कुणी ढवळत नव्हतं. तिने खाली लिहिलं: वजा २, ढवळायला. मग १८. मग ४ अधिक ५, ९. मग १८ भागिले ९, २. मग ४ गुणिले २.

आठ. एकदाच सोडलेली जागा, आणि ती कुठे सोडली तेही दिसत होतं.

तिने खूण केली. नववा घेतला, 'साठ लिटरची टाकी' वाचून कागदावर ६० लिहिलं, आणि घंटा झाली. पर्यवेक्षकांनी उत्तरपत्रिका ओढली तेव्हा तिची पेन्सिल साठाच्या शून्यात होती.

फाटकाबाहेर सासूबाई उभ्या होत्या. छटाताईने हातातला कच्चा कागद पुढे केला. तो बाहेर आणायचा असतो की नसतो हे तिला माहीत नव्हतं. तिने आणला होता. सासूबाईंनी चष्मा लावून त्या ओळी वरून खाली वाचल्या. मग खालून वर.

"अक्षर घाणेरडं आहे," त्या म्हणाल्या, आणि चष्मा काढून बराच वेळ पुसत राहिल्या. कागद त्यांनी परत दिला नाही.

एक तारखेला मशीन खोक्यातून बाहेर आलं आणि छटाताई दुकानातून. त्यानंतरचे दिवस कसे गेले ते सांगण्यात अर्थ नाही. ती घरी बसून भिंती ओळखत होती. वयाला दोन दिवस शिल्लक असताना निकाल लागला. मिश्रणे व गुणोत्तरे: दहापैकी सहा. म्हणून बाकीची उत्तरपत्रिका उघडली गेली, आणि तिच्यात सगळे बापलेक आणि तिन्ही भाऊ आपापल्या जागी बरोबर होते. जागा मिळाली.

शेजारणींनी बातमी ऐकली आणि पहिला प्रश्न विचारला, की एवढ्या आजारी बाईला ही नोकरी झेपेल का.

त्या दुपारी छटाताईने सासूबाईंचा कप काठोकाठ भरला. दोन्ही हातांनी, श्वास रोखून, स्वयंपाकघरातून टेबलापर्यंत आणला. थेंबही सांडला नाही. सासूबाईंनी साखर घातली, चमचा घातला, आणि चहा बशीत, टेबलावर आणि मांडीवर आला.

त्यांनी मांडी पुसली नाही. डोळे बारीक करून त्या मनात काही करत होत्या. "रोज दोन कप," त्या म्हणाल्या. "अकरा वर्षं. दर कपाला दहावा हिस्सा. एकशे वीस लिटर चहा तू माझा बुडवलास. वीस लिटरचे सहा डबे."

"सात," छटाताई म्हणाली.

"सहा!"

"सातच लागतील हो, आई."

सासूबाईंनी लाल पेन उचललं, मग ते खाली ठेवलं, आणि वही उलटी फिरवून सुनेपुढे सरकवली.

"पायऱ्या दाखव," त्या म्हणाल्या.